जे टोक घसरतं, त्याचाच बार सैल कर

बाळा, दिवाळीत तुझ्या रेसिंग सिम्युलेटरच्या सेटअपमध्ये ‘अँटी-रोल बार’ दिसला आणि परगावात गाववाला भेटल्यासारखं वाटलं. गॅरेजात आम्ही त्याला स्टॅबिलायझर म्हणायचो. आता तू त्याचे आकडे अंदाजाने वर-खाली करतोस, म्हणून चार गोष्टी सांगतो. नीट ऐक.

आधी ओला टॉवेल हातात घे. दोन्ही हात एकाच दिशेने फिरवलेस तर टॉवेल नुसता गोल फिरतो. उलट दिशांना फिरवलेस तरच पिळला जातो. डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या बारचं तसंच; पुढच्या जोडीला एक, मागच्या जोडीला एक. दोन्ही चाकं एकदम दबली तर तो गप्प. एक दबलं, दुसरं उचललं, की पीळ बसतो आणि तो जोर लावतो. म्हणून सरळ रेषेत ब्रेक मारताना गाडी डगमगली तर बारला दोष देऊ नकोस. ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर कसा वाटलाय, ते बघ.

दुसरं, बार पकड निर्माण करत नाही. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जाणारच. त्यातला पुढच्या जोडीचा वाटा किती, मागच्या जोडीचा किती, एवढंच बार ठरवतो. आणि टायरवर दुप्पट ओझं टाकलं म्हणून तो दुप्पट पकड देत नाही. ज्या जोडीत एकावर फार भार आणि दुसरं मोकळं, तिची एकूण पकड घटते. पुढचा बार कडक केलास की नाक वळणाबाहेर पळतं. मागचा कडक केलास की शेपूट फिरतं.

म्हणून कानमंत्र एकच: जे टोक घसरतं, त्याच टोकाचा बार सैल कर. मन उलटं सांगेल. ढिलं वाटलं की आवळायचं, ही आपल्या हाताची सवय. इथे ती नडते. बार आधीच सगळा सैल असेल, तर दुसऱ्या टोकाचा कडक कर.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक नुसतं फिरवत असेल, तर मागचा बार सैल सोड. मोंझाच्या पहिल्या शिकेनमध्ये कर्बवर चढायचं असेल तरी कडक बार नको. एका चाकाचा धक्का तो दुसऱ्याला पोचवतो. पावसात दोन्ही बार सैल बरे. गाडी फक्त वेगवान वळणातच त्रास देत असेल, तर आधी विंग तपास.

एका वेळी एकच क्लिक, मग पाच लॅप, मग वहीत नोंद. क्लिकने काय होतंय, असं म्हणू नकोस. खऱ्या गाडीत भरीव बार २० ऐवजी २२ मिलिमीटर जाडीचा घातला की तो जवळजवळ ४६ टक्के कडक होतो. इंडीकारचे ड्रायव्हर तर टायर झिजतील तसे कॉकपिटमधूनच बार बदलतात.

एकदा गिऱ्हाईकाच्या हट्टापायी मी मागे जाडजूड बार बसवला. उन्हाळाभर तो खूश. पहिल्या पावसात घाटात गाडी आडवी झाली, कठड्याला घासली, माणूस वाचला. तेव्हापासून मी टोकाला जायला घाबरलो. तू घाबरू नकोस. एकेक क्लिक सुरू करण्याआधी पुढचा बार पूर्ण कडक कर, पाच लॅप मार. मग पूर्ण सैल कर, पुन्हा पाच. दोन्ही टोकं हाताला कळली की मधला आकडा आपोआप सापडतो. तुझ्याकडे रीसेटचं बटण आहे, आमच्याकडे नुसता कठडा होता.