इंग्रजी शब्दांची शेपटी

वाशिंदच्या माणसाला इंग्रजी अगदीच परकी नाही. १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याणहून वाशिंदपर्यंत आगगाडी सुरू झाली. आगगाडीबरोबर शब्दही आले. स्टेशनचे ठेसन झाले, प्लॅटफॉर्मचा फलाट झाला. शिकलेले लोक ठेसन म्हणणाऱ्याला हसतात. आम्हांला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. शब्द तोंडात रुळतो तो असाच.

पण हे रोजचे शब्द झाले. काही इंग्रजी शब्द बाजारात कानी पडत नाहीत. ते कागदावर भेटतात, आणि नेमके तिथेच आपली सही मागतात. अशा शब्दांची शेपटी आधी पाहावी.

कारखान्यातली जोडी घेऊ. एम्प्लॉय म्हणजे कामावर ठेवणे. ठेवणारा तो एम्प्लॉयर; ज्याला ठेवले तो एम्प्लॉयी. शेवटी ‘ई’ आली की समजावे, ज्याला काही दिले किंवा नेमले, तो हा माणूस. (कॉफीच्या शेवटीही ‘ई’ आहे, म्हणून कॉफी काही माणूस होत नाही! इंग्रजीचे नियम बेताबेतानेच लावावेत.)

आता अवघड जोडी: मॉर्टगेजर आणि मॉर्टगेजी. पुष्कळ जण म्हणतात, बँक पैसे देते, म्हणून बँक मॉर्टगेजर. जरा थांबा. बँक देते ते कर्ज. मॉर्टगेज म्हणजे गहाण. गहाण कोण देतो? जमिनीचा धनी देतो. म्हणून धनी मॉर्टगेजर आणि बँक मॉर्टगेजी. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा चढतो तो यामुळेच. कर्ज फिटले की बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जावे आणि बोजा उतरवून घ्यावा.

गॅरंटर हा देणारा. काय देतो? हमी. आपण त्याला जामीन म्हणतो. कर्जाचा एक रुपयाही त्याच्या हाती आलेला नसतो, तरी कर्जदाराने हप्ते थकवले तर बँक जामिनाकडे मागू शकते. पाहुण्याची भीड पडली म्हणून या शब्दाखाली सही करू नये.

नॉमिनी या शब्दापायी तर सख्ख्या भावांत वैर येते. नॉमिनेट म्हणजे नाव सुचवणे. ज्याचे नाव दिले तो नॉमिनी. ठेवीदार वारला की बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते. तेवढ्यावरून पैसे त्याचेच झाले, असे लोक समजतात. तसे नाही. ते त्याने वारसांसाठी सांभाळायचे असतात. बँकेतील ठेवीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हेच सांगितले. आई नॉमिनी असली, तरी मुलीचा वाटा बुडत नाही.

अभ्यास: पे म्हणजे पैसे देणे. मग चेकच्या संदर्भात ‘पेयी’ म्हणतात तो कोण? चेकवर सही करणारा, की ज्याचे नाव चेकवर लिहिले तो? पुढच्या वर्गाला घरातला एखादा बँकेचा कागद आणा आणि त्यातले ‘ई’ने संपणारे शब्द पेन्सिलीने हलकेच अधोरेखित करा. कागद मुळातला असेल, तर झेरॉक्सच आणा.