दर वेळी पुढच्या रविवारी

२०२२ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने जर्मनीत, कार्ल्सरुहेला, इंटर्नशिपला होते. त्या जून, जुलै आणि ऑगस्टपुरता तिथल्या सरकारने महागाईवर उतारा म्हणून महिन्याला ९ युरोचा पास काढला होता. देशभरातल्या साध्या गाड्या, ट्राम, बस, सगळं त्यात. सिटी बसमध्ये एका रुपयाच्या सुट्ट्यांसाठी भांडत वाढलेल्या पोरीच्या हाती असला पास पडल्यावर जे व्हायचं तेच झालं.

१. पास वसूल करायची खोड वाईट. तेरा रविवार हाताशी होते. मी वहीत तेरा गावं लिहून काढली. हायडेलबर्गचा पडका किल्ला पाहिला, म्हणजे त्याच्याकडे पाठ करून फोटो काढला आणि परतीची गाडी किती वाजता ते पाहिलं. अष्टविनायक दोन दिवसांत उरकणाऱ्या यात्रा कंपन्यांना मी आजवर हसत आले होते.

२. धबधब्याला तिकीट असू शकतं. ब्लॅक फॉरेस्टमधल्या ट्रिबर्गला आहे. १६३ मीटर, टप्प्याटप्प्याने उतरणारं पाणी, कडेने बांधीव वाट. माळशेजला फुकट भिजलेली मी तिकीट हातात धरून बराच वेळ पुटपुटत होते. अर्ध्या वाटेत जाणवलं, इथे कुणी गाडीची दारं उघडी टाकून गाणी लावलेली नाहीत. मग पुटपुटायची थांबले. पैसे मात्र आजही खटकतात.

३. सीमा ही गोष्ट आपल्या मनात फार मोठी असते. केल गावापर्यंत पास चालायचा. तिथून ऱ्हाइनवरच्या पुलावरून चालत गेलं की पलीकडे स्ट्रासबुर्ग, म्हणजे फ्रान्स. पुलावर शिरायच्या आधीच मी पासपोर्ट हातात काढून धरला. बाबागाडी ढकलणारी एक बाई, आइस्क्रीम चाटणारी दोन पोरं आणि पासपोर्ट धरलेली मी, अशी आमची वरात पलीकडे पोचली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. माझ्या व्हिसासाठी महिनाभर कागद गोळा करणाऱ्या बाबांना फोनवर हे सांगितलं, तर म्हणाले, "तो पासपोर्ट आधी आत ठेव, नदीत पडेल."

४. सगळेच लोक "या एकदा घरी" आपल्यासारखं म्हणत नाहीत. माझी घरमालकीण सत्तरीची, एकटी. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, रविवारी चार वाजता कॉफी आणि केक घ्यायला ये. मी आपल्या सवयीने मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "पुढच्या रविवारी नक्की!" आणि गाडी पकडली. रात्री परत आले की माझ्या दाराशी एक बशी असायची, वर दुसरी पालथी घातलेली. जूनमध्ये स्ट्रॉबेरीचा केक, जुलैत चेरीचा, ऑगस्टमध्ये आंबटगोड जांभळ्या प्लमचा. उरलेला तुकडा ठेवत असेल असं वाटायचं. ऑगस्टच्या मध्यावर एका रविवारी अंग कणकणलं म्हणून घरी राहिले आणि चार वाजता पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले. टेबलावर दोन कप मांडलेले होते. दुसरा कप दर रविवारी मांडला जात होता का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

५. ऑफिसात निरोप जाणाऱ्यानेच द्यायचा असतो. मी मनात शाल-श्रीफळ नाही तरी समोशांची अपेक्षा धरून होते. आदल्या दिवशी सहकाऱ्याने हळूच विचारलं, "मग उद्या काय आणतेस?" रात्री रवा भाजून शिरा केला. वेलची नव्हती. संपला.

६. देश सोडताना नगरपालिकेत जाऊन तसं नोंदवावं लागतं. पुढचा पत्ता विचारला, तो मी लिहिला. 'मारुतीच्या देवळामागे' हे शब्द तिथल्या बाईंनी एकेक अक्षर विचारत, अत्यंत गंभीरपणे कॉम्प्युटरमध्ये घातले. जर्मन सरकारच्या दप्तरात आमचा मारुती आहे, याचा मला अजून आनंद होतो.

७. शेवटच्या रविवारी यादीतलं तेरावं गाव खोडलं. घरमालकिणीने विचारलं, राजवाड्याचा मनोरा चढलीस ना? तीन महिने मी रोज ट्रामने त्याच्या जवळून जात होते. नाही म्हटल्यावर तिने हॅट घातली. ती खाली बाकावर बसली, मी वर गेले. १७१५ मध्ये हे शहर राजवाड्याभोवती पंख्यासारखं आखलं, हे मी वाचलं होतं. वरून त्या पंख्याच्या काड्या दिसल्या, एकेक सरळ रस्ता माझ्या पायाशी येणारा. आमची गल्ली काही सापडली नाही. हॅट सापडली.

३१ ऑगस्टला, पासाच्या शेवटच्या दिवशी, तीन गाड्या बदलत फ्रँकफर्टच्या विमानतळावर जायचं होतं. स्टेशनवर ती आली नाही, तिची डॉक्टरची वेळ होती. दारातच फॉइलमध्ये गुंडाळलेला प्लमचा केक हातात दिला आणि माझ्याच मोडक्या जर्मनची नक्कल करत म्हणाली, "पुढच्या रविवारी नक्की!"