सर्व्हर पुन्हा उठेपर्यंत

दूरच्या सर्व्हरला रीबूट दिला की एसएसएच तुटतं आणि पिंगला उत्तर येईपर्यंत आपल्याला काहीही दिसत नाही. एसएसएच ही ऑपरेटिंग सिस्टीमच्या आत चालणारी सेवा. बायोस, ग्रब, कर्नल, डिस्क, नेटवर्क हे सगळं सुरळीत पार पडलं तरच ती उभी राहते. म्हणजे मशीन जिथे अडकतं, तिथे ती नसतेच.

एका पतसंस्थेचा सर्व्हर कोकणातल्या शाखेत होता आणि मी पुण्यात. शनिवारी रात्री कर्नल अपडेट करून रीबूट दिला, तो परत आलाच नाही. रविवारी शिपाईकाकांनी भर पावसात येऊन शाखा उघडली आणि मॉनिटरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तेव्हा कारण कळलं. बॅकअपची यूएसबी डिस्क कुणीतरी काढून कपाटात ठेवली होती, पण एफएसटॅबमध्ये तिची नोंद तशीच होती. अशा डिस्कची सिस्टिमडी ९० सेकंद वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबते. त्या नोंदीत ‘नोफेल’ हा एक शब्द असता तर सर्व्हर डिस्कशिवायही उठला असता. तो शब्द टाकण्यासाठी रूटचा पासवर्ड मला फोनवरून एकेक अक्षर करून सांगावा लागला. काकांवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण पासवर्ड असा कुणाच्याही कानावर जाता कामा नये.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. त्या सर्व्हरमध्ये बीएमसी होती. मदरबोर्डवरचा हा वेगळा छोटा संगणक. मुख्य मशीन बंद असलं तरी स्टँडबाय विजेवर तो जागा असतो, त्याचा आयपी पत्ता वेगळा असतो, आणि बायोसच्या पहिल्या ओळीपासूनची स्क्रीन तो आपल्यापर्यंत पोहोचवू शकतो. सर्व्हर बसवणाऱ्यांनी त्याच्या पोर्टला केबलच लावली नव्हती.

म्हणून नवा सर्व्हर ताब्यात घेताना आधी ही केबल पाहा. बीएमसीला स्वतंत्र पोर्ट असेल तर तोच वापरा. मुख्य नेटवर्क पोर्टातच तिची वाट काढलेली असेल, तर रीबूटच्या वेळी तो पोर्ट खालीवर होताना आपलं कनेक्शनही जाऊ शकतं, आणि पाहायचं असतं ते नेमकं तेव्हाच.

सिरीयल ओव्हर लॅन, म्हणजे बीएमसीमार्फत मिळणारा अक्षरी कन्सोल, वापरणार असाल तर एका जागी सेटिंग करून भागत नाही. बायोसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन, ग्रबला सिरीयल टर्मिनल, कर्नलच्या ओळीत कन्सोलचं नाव आणि शेवटी लॉगिन, अशा चारही ठिकाणी तोच पोर्ट आणि तोच वेग, बहुधा ११५२००, हवा. कर्नलला एकाहून जास्त कन्सोल देता येतात. त्याचे स्वतःचे संदेश सगळ्यांवर उमटतात, पण नंतर सेवा सुरू होतानाच्या ओळी फक्त शेवटी लिहिलेल्या कन्सोलवर जातात. हा क्रम चुकला की अर्ध्यात स्क्रीन गप्प होते आणि मशीन मेलं असं वाटतं. ग्रबचा मेनू दिसतोय ना, हे तर मी हट्टाने पाहतो. तो हाती असला की नवा कर्नल बिघडला तरी जुना निवडता येतो. काही सिस्टीमवर रूटचं खातं कुलूपबंद असतं. तसं असेल तर इमर्जन्सी शेल उघडेलच असं नाही, हेही आधीच पाहून ठेवावं.

बीएमसी नसलेल्या साध्या पीसीवर काम चालवणाऱ्या छोट्या संस्थांनी निराश होऊ नये. रास्पबेरी पायवर चालणारं पायकेव्हीएम एचडीएमआयची स्क्रीन घेतं आणि यूएसबी कीबोर्ड म्हणून काम करतं. फक्त पॉवरचं बटण दाबायचं तर मदरबोर्डवरून वेगळ्या तारा घ्याव्या लागतात.

मात्र कन्सोल मिळणं म्हणजे मशीनसमोर जाऊन बसणंच. बीएमसीशी बोलण्याचं मानक असलेल्या आयपीएमआय २.०च्या रचनेतच खोट आहे: वापरकर्त्याचं नाव माहीत असलं की लॉगिनआधीच पासवर्डचा हॅश मागून घेता येतो आणि घरी बसून फोडता येतो. डॅन फार्मर यांनी २०१३मध्ये हे जगासमोर मांडलं. दोष मानकातलाच असल्याने फर्मवेअर अपडेटने तो जात नाही. तेव्हा यूडीपी ६२३ हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवूच नका. कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, बीएमसी वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा आणि तिथे व्हीपीएनमधूनच जा. तो व्हीपीएन राउटरवर चालवा. तो त्याच सर्व्हरवर चालत असेल तर सर्व्हरबरोबर वाटही बंद. पासवर्डची वहीही त्या सर्व्हरवर नको.

एवढं झालं की शाखेत माणूस हजर असताना, कामकाजाच्या वेळेबाहेर, मुद्दाम एक रीबूट द्या आणि पहिल्या ओळीपासून लॉगिनपर्यंत सगळं आपल्या स्क्रीनवर पाहा. मधेच कुठे अंधार झाला तर तिथलं सेटिंग त्याच बैठकीत दुरुस्त करा. बायोस किंवा बीएमसीचं फर्मवेअर बदललं की हे पुन्हा करा, कारण अशा वेळी सेटिंग्ज मूळपदावर गेलेली असू शकतात.