केबलच्या रंगावर जाऊ नकोस

मनू, सर्व्हर रूमच्या फायबर केबलिंगचं काम गळ्यात पडलंय आणि व्हेंडरने तीन कोटेशनं पुढ्यात टाकलीयत, म्हणून गांगरलीयस ना? अगं, कोटेशनं राहू देत बाजूला. आधी जुनी केबल बघ.

नुसत्या रंगावर मात्र जाऊ नकोस. नारिंगी केबल ओएम-१ असते तशी ओएम-२ही असते. ती फिकट मोरपिशी अ‍ॅक्वा ओएम-३ असेल, नाहीतर ओएम-४. मोबाइलचा टॉर्च लाव आणि आवरणावरची बारीक छपाई वाच. ६२.५/१२५ आहे की ५०/१२५? पहिला आकडा गाभ्याचा, दुसरा काचेच्या एकूण जाडीचा, दोन्ही मायक्रॉनमध्ये. ६२.५च्या जुन्या लाइनला ५०ची नवी पॅचकॉर्ड जोडलीस की बारीक गाभ्यातून जाड गाभ्यात प्रकाश सुखाने जातो, उलट दिशेला मात्र सांडतो. मग लिंक कधी लागते, कधी पडते, आणि शिव्या खातो बिचारा स्विच.

आता अंतर. या सगळ्या ओएम केबल मल्टिमोड, म्हणजे त्यांच्यात प्रकाश एकाच वेळी अनेक वाटांनी धावतो. सगळ्या वाटांचा प्रकाश एकदम पोचत नाही, म्हणून पल्स पसरत जाते आणि मागच्यापुढच्या पल्सवर चढते. वेग वाढवला की पल्ला घटतो तो यामुळेच. १० गिगाबिटला ओएम-१ जेमतेम ३३ मीटर जाते, ओएम-२ ८२, ओएम-३ ३०० आणि ओएम-४ ४००. पण १०० गिगाबिटचं एसआर-४ मॉड्यूल लावलंस की ओएम-३ ७० मीटरवर थकते, ओएम-४ १००वर. त्यामुळे साहेब "पुढे वेग वाढवू" म्हणाले की आजच टेप घेऊन मोज, छतातली वळणं आणि रॅकमधला उतार धरून.

व्हेंडर पोपटी ओएम-५ गळ्यात मारायला बघेल. एकाच तंतूतून ८५० ते ९५३ नॅनोमीटरच्या अनेक तरंगलांबी पाठवणारी मॉड्यूल घेणार असशील तरच घे. साध्या ८५०वर ती ओएम-४पेक्षा लांब जात नाही. माझं मत विचारशील तर एका मजल्यापुरती ओएम-४, आणि दोन इमारतींमध्ये सरळ पिवळी सिंगलमोड. तिची काच उलट स्वस्त असते, पैसे मॉड्यूलला लागतात.

आणि हे मात्र हुकूम समज. लाइट येतोय का बघायला केबलच्या टोकात डोळा घालू नकोस. ८५० नॅनोमीटरचा लेझर नजरेला जवळजवळ दिसतच नाही, पण डोळ्यात जातो. पॉवर मीटर लाव, बाई!