फेअरी खोटं बोलत नाहीत, तरी फसवतात

'परी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा झगा, पंख आणि जादूची छडी येते. ती मुलांचं भलंच करते. इंग्रजीतल्या किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या 'फेअरी' कादंबऱ्या वाचताना मात्र ही परी काही कामाची नाही. तिथले फेअरी देखणे, लहरी आणि हिशेबी असतात. माणसाला शब्दात पकडायचं आणि मग वसुली करायची, ही त्यांची रीत. म्हणून इथे आपण 'फेअरी' हाच शब्द ठेवू.

या कादंबऱ्यांची मुळं मुख्यतः स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडच्या लोककथांत आहेत. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरफॉइलचे धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस या समजुती गोळा करून लिहून ठेवल्या. त्यांचं लेखन छापून आलं ते १८१५ मध्ये. तिथले लोक फेअरींचं थेट नाव न घेता त्यांना 'भले शेजारी' म्हणत. आपल्याकडे रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात ना, तसंच. जिथे भीती, तिथे शब्द जपून वापरायचा.

फेअरींच्या जगाला कायदे असतात. त्यांना लोखंड सोसत नाही. त्यांच्याकडचं काही खाल्लं की परत येणं कठीण. टेरी प्रॅचेट यांच्या 'द वी फ्री मेन' (२००३) या कादंबरीत नऊ वर्षांची टिफनी आपल्या धाकट्या भावाला सोडवायला फेअरींच्या राणीकडे निघते, तेव्हा तिच्या हातात तलवार नसते, स्वयंपाकघरातली लोखंडी तवी असते. प्रसंग विनोदी आहे, पण कायदा जुनाच आहे.

सगळ्यात विलक्षण कायदा शब्दांचा. हॉली ब्लॅक यांच्या 'द क्रुएल प्रिन्स' (२०१८) मध्ये फेअरींना खोटं बोलताच येत नाही. मग ते सज्जन असतील? मुळीच नाही. समजा, एखादा फेअरी म्हणाला, 'मी या पेल्यात विष घातलेलं नाही.' वाक्य शंभर टक्के खरं. पण विष दुसऱ्या कोणी घातलं असेल तर? किंवा ते पेल्यात नसून ताटात असेल तर? खरं बोलणं आणि प्रामाणिक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या कायद्यामुळे वाचकाला हळूहळू उमगतं.

कादंबरीची नायिका ज्यूड ही माणूस आहे. तिच्या आईवडिलांना मारणाऱ्या फेअरी सेनापतीच्याच घरी ती वाढते. तिथे ती सगळ्यांत दुबळी. तिच्याकडे एकच गोष्ट अशी आहे जी फेअरींकडे नाही: ती खोटं बोलू शकते. हेच तिचं शस्त्र होतं. इथे लेखिका आपल्याला अडचणीत टाकते. आपण ज्यूडच्या बाजूने असतो, पण सत्ता मिळवता मिळवता ती ज्यांचा द्वेष करते त्यांच्यासारखीच होत जाते. कादंबरी तिला निर्दोष ठरवत नाही, म्हणूनच ती विचार करण्याजोगी वाटते.

दुसरी कल्पना आहे बदललेल्या मुलाची. फेअरी माणसाचं मूल पळवतात आणि त्या जागी आपलं ठेवतात, अशी समजूत होती. आजारी किंवा वेगळ्या दिसणाऱ्या मुलांना तिचा फार त्रास झाला. मोठी माणसंही सुटली नाहीत. आयर्लंडमध्ये १८९५ साली ब्रिजेट क्लिअरी या तरुणीला तिच्या नवऱ्याने 'ही माझी बायकोच नव्हे' म्हणत जाळून मारलं. म्हणजे ही कल्पना निव्वळ गमतीची नाही.

हॉली ब्लॅक यांच्याच 'टाइथ' (२००२) मध्ये ही बाजू उलटते. के या मुलीला कळतं की आपणच बदललेलं मूल आहोत. जुन्या गोष्टीत जिच्याकडे संशयाने पाहिलं जाई, तिच्याच डोळ्यांनी आता गोष्ट दिसते. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि वर्गात तिसरी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना 'मी नेमकी कुठली?' हा प्रश्न परका वाटू नये.

या कादंबऱ्यांत उणिवाही आहेत. कित्येकींत देखणा राजपुत्र आणि प्रेमप्रकरण एवढंच उरतं. कायदे नुसती सजावट होतात. चांगली कादंबरी ओळखायची असेल तर एक कायदा काढून बघा. कथा तशीच चालली, तर तो कायदा शोभेचा होता. 'द क्रुएल प्रिन्स'मधून खोटं न बोलण्याचा कायदा काढला, तर ज्यूडची गोष्टच उरत नाही.

स्वाध्याय:
१. दिशाभूल करणारी पण पूर्णपणे खरी अशी तीन वाक्यं लिहा. जाहिरातींतून शोधलीत तरी चालेल.
२. घरातल्या आजी-आजोबांना विचारा: कोणत्या गोष्टींचं नाव घ्यायचं नसे, आणि त्याऐवजी काय म्हणत? उत्तरं त्यांच्याच बोलीत लिहून मंडळाच्या बैठकीला आणा.