टर्बो इंजिनाची शक्ती कोठे गळते?

मुंबईहून नाशिककडे येणाऱ्या वाहनाची खरी परीक्षा कसारा घाटात होते. शहरात विनातक्रार चालणारी डिझेल मोटार चढाला लागताच जड होते. इंजिनाचे फेरे मिनिटाला अडीच हजारांच्या पुढे जाईनासे होतात आणि मालमोटारीला मागे टाकण्यासाठी बाहेर काढलेली गाडी ऐन वेळी अर्ध्यावरच अडखळते. अशा गाडीचे निदान गॅरेजमध्ये बहुधा एका वाक्यात होते : ‘टर्बो गेला.’ टर्बोचार्जर हा महागडा भाग आहे. तो बदलूनही गाडी ओढत नाही असे आढळले, म्हणजे मालकाचा पैसा आणि कारागिराची पत दोन्ही जातात. वास्तविक दोष पुष्कळदा एखाद्या फाटलेल्या रबरी नळीत किंवा तुंबलेल्या गाळणीत दडलेला असतो.

नाशिककरांना हा विषय परका नाही. सन २००२ मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ ही टर्बो डिझेल मोटार महिंद्राच्या नाशिक येथील कारखान्यात तयार होऊ लागली. डिझेल इंजिनाची नोझले व इंजेक्टर बनविणारा सातपूरचा बॉश कारखाना तर त्याहून जुना. ‘मायको’ हे त्याचे पूर्वीचे नाव त्र्यंबक रस्त्यावरील मायको सर्कलने आजही टिकवून धरले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिक अथवा मोटार मेकॅनिक हा व्यवसाय शिकणाऱ्या तरुणांना या दोषाचे निदान पद्धतशीरपणे करता येणे म्हणूनच अगत्याचे आहे.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवावे व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने आत जाणारी हवा दाबून भरावी, ही टर्बोची मूळ कल्पना होय. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. अधिक हवा आत गेली की अधिक डिझेल जाळता येते आणि लहान इंजिनातूनही मोठी शक्ती मिळते.

आता दोष फेरे वाढल्यावरच का प्रकट होतो, ते पाहू. येथे थोडे गणित उपयोगी पडते. २.२ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा २.२ लिटर हवा घेते. मिनिटाला १,५०० फेरे असता ही हवा सुमारे १,६५० लिटर होते, तर ४,००० फेऱ्यांना ४,४०० लिटर. टर्बोने दाब वातावरणाच्या दुप्पट केला, तर बाहेरून ओढून घ्यावी लागणारी हवा जवळजवळ दुपटीने वाढते. शिवाय नळीतील अडथळ्यामुळे होणारी दाबाची घट साधारणतः प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह पावणेतीनपट झाला की घट सातपटीच्या आसपास जाते. अर्धवट तुंबलेली हवेची गाळणी गावातल्या गावात जाणवत नाही आणि चढावर मात्र गळा आवळते, ती यामुळेच. डिझेलची गाळणी आणि धूर बाहेर नेणारा मार्ग यांनाही हाच न्याय लागू पडतो.

तपासणीची सुरुवात हत्यारांनी न करता प्रश्नांनी करावी. फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असे चालक सांगत असेल तर इंजिन निर्दोष असून क्लच प्लेट घसरत असण्याचा संभव आहे. किल्ली बंद करून पुन्हा सुरू केल्यावर शक्ती परत येते काय, हा प्रश्न अवश्य विचारावा. येत असेल, तर इंजिनाच्या संगणकाने स्वसंरक्षणार्थ डिझेल तोडले, असे समजण्यास जागा आहे. काही टर्बोंमध्ये वायूची वाट अरुंद-रुंद करणाऱ्या हलत्या पात्या असतात. काजळीमुळे त्या मिटलेल्या स्थितीत अडकल्या की जास्त फेऱ्यांना दाब मर्यादेबाहेर जातो आणि संगणक हात आखडता घेतो. म्हणजे तक्रार अशक्तपणाची, पण कारण अतिरेकाचे! याउलट गाडी थोडा वेळ उभी केल्यावर आपोआप सुधारत असेल, तर डिझेलचा पुरवठा आधी तपासावा.

धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा अपुरी. धूर नाही आणि जोरही नाही, तर बहुधा डिझेलच कमी. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. मात्र १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असल्याने काळा धूर दिसतोच असे नाही. तीच गाळणी तुंबली की वायूंची वाटही अडते. तेव्हा तिच्या अलीकडचा दाब मोजून पाहावा.

स्कॅनर लावल्यावर ‘दाब कमी’ असा संकेत मिळतो आणि अनेकांची तपासणी तेथेच संपते. हा संकेत लक्षण सांगतो, कारण नव्हे. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन या नळ्यांत बेताच्या दाबाची हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे गळती दाखवितात. गाळणी व टर्बो यांमधील नळीची गोष्ट अधिक फसवी आहे. तिचा आतील थर सुटला असेल, तर जोराच्या ओढीने ती आतल्या आत मिटते आणि इंजिन बंद करताच पूर्ववत होते. वरून पाहणाऱ्याला ती धडधाकट वाटते. ती हातात घेऊन, वाकवून, आतून पाहिल्याशिवाय तिला निर्दोष ठरवू नये.

उभ्या गाडीचे इंजिन जोराने फिरवून ही परीक्षा होत नाही, कारण तेव्हा इंजिनावर भारच नसतो. मोकळ्या चढावर, एकाच गिअरमध्ये, हवेचा व डिझेलचा दाब नोंदवावा लागतो. चालकाने केवळ रस्त्याकडे पाहावे. आकडे टिपण्यास दुसरा माणूस हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्के कमी असतो. तथापि निरोगी टर्बो ही तूट बहुतांशी भरून काढतो. ‘वर चढल्यावर असे व्हायचेच’ ही समजूत म्हणूनच ग्राह्य धरू नये.

एवढे झाल्यावरच टर्बोला हात लावावा. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. थंड इंजिनात तो आडवा किंचित हलला तर ते स्वाभाविक आहे. लांबीच्या दिशेने जाणवण्याइतका हलला अथवा चक्राची पाती घराला घासलेली दिसली, तर मात्र टर्बो निकामी समजावा. तो कशाने बिघडला, हेही त्याच वेळी शोधले पाहिजे. तेल येण्याची नळी काजळून अरुंद झाली असेल किंवा गाळणीच्या फटीतून धूळ आत जात असेल, तर नवा टर्बोही फार दिवस टिकत नाही. नवा बसविताना तेलाच्या तोंडातून त्यात स्वच्छ तेल भरावे, सुरू झाल्यावर इंजिन काही काळ मंद चालू द्यावे, आणि तेलाचा दाब स्थिरावल्यानंतरच फेरे वाढवावेत.