‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबण्याआधी



परवा सातवीच्या वर्गात विचारलं, प्रकल्पाची माहिती शोधताना मोबाईलवर कुकीजची पट्टी आली तर काय करता? "ॲक्सेप्ट ऑल दाबतो सर, नाहीतर पान झाकलेलंच राहते." म्हणजे मोबाईल वडिलांचा, संमती बारा वर्षांच्या पोराची, आणि वाचलं कोणीच नाही!

कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी ती आणली. मुलांना मी असं सांगतो: समजा पोहरादेवीच्या यात्रेत चप्पल ठेवायला दिली आणि ४७ नंबरचा बिल्ला मिळाला. परत येऊन बिल्ला दाखवला की ओळख पटली. आपलं लॉगिन टिकतं ते अशाच कुकीमुळे, ती हवीच. पण यात्रेतल्या प्रत्येक दुकानात एकाच कंपनीचा माणूस बसलाय आणि ४७ नंबर कुठे थांबला, काय पाहिलं हे लिहून घेतोय, असं झालं तर? ही थर्ड-पार्टी कुकी. नाव माहीत नसलं तरी आवडीनिवडी त्याला पाठ होतात. पोराने सायकल पाहिली की वडिलांना आठवडाभर सायकलच्या जाहिराती, त्या यामुळेच.

खरी गोम बटणांत आहे. ‘स्वीकारा’ मोठं, रंगीत. ‘नाकारा’ कुठेतरी आत. नेमक्या याच कारणावरून फ्रान्सने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला, ही बातमी जानेवारी २०२२ ची.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात कुकीसाठी वेगळं कलम नाही, पण संमती मोकळेपणाने, समजून-उमजून दिलेली हवी आणि ती मागे घेणंही तितकंच सोपं हवं. सूचना मराठीतून वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. पालकांनी हे नीट वाचा: १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल, आणि काही अपवाद सोडता मुलांचा माग काढणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं बंद. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत.

तोवर थांबायची गरज नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सेटिंग्ज’ उघडा आणि थर्ड-पार्टी कुकीज बंद करा. एखादं संकेतस्थळ अडलं तर तेवढ्यापुरतं चालू करता येतं.

वर्गाला मी गृहपाठ दिलाय: तीन संकेतस्थळं उघडा, होकाराला किती वेळा बोट लावावं लागलं आणि नकाराला किती, ते वहीत लिहा. शनिवारी आकडे फळ्यावर मांडू.